बघू

शनिवार, ६ तारीख

चिंगे,

तुला अनेक आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नकोस, आईची तब्येत ठणठणीत आहे आणि माझी नेहमीसारखी कुरकुरत चाललेली आहे. तुझा फोन हल्ली जी मुलगी उचलते, ती दर वेळी मला विचारते, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, आपण कोण?" मी कोण, हे तिला समजावून सांगण्यापेक्षा पत्र लिहिणं सोपं. हॉस्टेलच्या दिवसांपासून आपल्याला ती सवय आहेच. तेव्हा तू उत्तरं द्यायचीस, हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

परवाची तुझी मुलाखत आम्ही दोघींनी पाहिली. आई टीव्हीच्या इतकी जवळ बसली होती की मला तू निम्मीच दिसलीस. आवाज तर तिने असा लावला होता की राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग का आणायचा, हे आता आमच्या शेजारच्यांनाही पाठ झालं असेल. मुलाखत संपल्यावर म्हणाली, "काय सुरेख दिसते गं ही!" मी म्हटलं, "अगं, मुद्दा काय मांडला ते ऐकलंस का?" तर म्हणे, "मुद्दा तू सांग मला नंतर. तू हुशार आहेस." म्हणजे बघ. सुरेख तू आणि हुशार मी. तुझा जन्म झाल्यापासून ही वाटणी चालत आलेली आहे आणि ती एकदाही कुणी मला विचारून केलेली नाही.

केस कापलेस ते छान दिसतात. तळमजल्यावरची इस्त्रीवाली तस्सेच कापून आली आहे. मी मोठ्या ऐटीत तिला सांगितलं, ती माझी धाकटी बहीण. तिने इस्त्री उभी करून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हो का? मग तुम्ही काय करता?" चिंगे, वरच्या सभागृहात माझी ही तिसरी खेप आहे. तू अजून काल-परवापर्यंत लोकांना "आ करा" म्हणून त्यांच्या दाढा उपटत होतीस, खालच्या सभागृहात पहिल्यांदाच आलीस, आणि इस्त्रीवालीला तू माहीत आहेस. मी कपडे तिथेच ठेवून वर आले. पावती घ्यायची राहिली.

आरोपपत्राचा मसुदा वाचला. पेपरात छापून आला तेव्हा वाचला, सगळ्या देशाबरोबर. चौथीतला "माझा आवडता प्राणी" हा निबंधसुद्धा मला दाखवल्याशिवाय तू बाईंना दिला नव्हतास. त्यातल्या मांजराला मी शेपटी घातली होती, तू विसरली होतीस. आणि आता राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवायला निघालीस तर मसुदा कुणी तपासला? "आमच्या प्राध्यापकताईंनी." हे तू टीव्हीवर म्हणालीस. प्राध्यापकताई! त्या घटनेच्या पंडित आहेत, मान्य. त्यांना बाई म्हण, मॅडम म्हण, पंडिता म्हण. ताई कशाला? आईला ऐकू आलं नाही ते बरं झालं. मला आलं.

मसुदा वाईट नाही. घडलं ते सरळ लिहिलं आहे, हे मला आवडलं. धरणाखालच्या त्या शहरात पाणी शिरलं, महापौरांनी मदत मागितली, राष्ट्राध्यक्षांनी फाईलवर "बघू" असा शेरा मारून ती बाजूला ठेवली. मग महापौरांनी राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाविरुद्ध लावलेला जमिनीचा दावा मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी मदतीच्या फाईलवर सही झाली. मधल्या काळात रुग्णालयाचा जनरेटर पाण्याखाली गेला आणि अतिदक्षता विभागातली माणसं गेली. तिथे मी पेपर खाली ठेवला आणि उगाच खिडकी पुसत बसले.

पण तू लोकांना सांगतेस तितकं हे सोपं नाही. राष्ट्राध्यक्ष पदावर आहे तोवर कुठलंही न्यायालय त्याला पिंजऱ्यात उभं करू शकत नाही. महाभियोग हा एकच दरवाजा आहे आणि घटना लिहिणाऱ्यांनी तो मुद्दाम अरुंद ठेवला, म्हणजे उठल्यासुटल्या कुणी निवडून आलेल्या माणसाला हाकलू नये. तुमच्या सभागृहात साध्या बहुमताने आरोप मंजूर होईल, त्याची काळजी नको. पुढे खटला आमच्यासमोर. तिथे दोन तृतीयांश लागतात, आणि तेसुद्धा हजर असलेल्यांचे नाहीत, एकूण सदस्यसंख्येचे. म्हणजे जो आजारी पडला, जो चहा प्यायला बाहेर गेला, जो मेला, तो तो राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचा. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे ना, गुरांच्या डॉक्टरांची? जन्मभर त्यांनी या माणसाला शिव्या घातल्या, आणि गेल्या महिन्यात वारले तर आता त्यांचं मत त्याच्याच पदरात. हे सांगितलं का तुझ्या ताईंनी?

आणि एक. आरोपाचे शब्द एकदा आमच्याकडे आले की त्यात काना-मात्रेचा बदल करता येत नाही. तुम्ही "मदत नाकारली" असं लिहिलं आहे. त्यांचा वकील त्या "नाकारली"वर ठाण मांडून बसेल. कायद्यात मंजूर किंवा नामंजूर एवढंच आहे, "बघू" नावाचा प्रकार कुठेच नाही. मी असते तर "अडवून धरली" असंही जोडलं असतं. पण मला कोण विचारतंय.

त्यावरचं तुझं उत्तर मुलाखतीत ऐकलंच. बाबांची गोष्ट. "आमचे बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. आम्ही सायकल मागितली तर म्हणाले, बघू. ज्या घरात मुलं वाढली त्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, बघू म्हणजे नाही." छान सांगितलीस. "चष्म्याच्या दुकानातल्या माणसाला दुसरा शब्द कुठून सुचणार" हा माझा विनोदसुद्धा छान सांगितलास. निवेदक किती हसला! सायकलीबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते असो.

जेवणाच्या वेळा सांभाळ. आई म्हणते, गालफडं बसलीत. मला तर तसं काही दिसलं नाही.

तुझी,
ताई

ता. क. "आम्ही" मागितली होती का गं सायकल?


मंगळवार, २३ तारीख

चिंगे,

खटला संपेपर्यंत आरोप मांडणाऱ्यांशी किंवा बचाव करणाऱ्यांशी अवाक्षर बोलायचं नाही, असं सभापतींनी आम्हाला बजावलं आहे. फोन नाही, निरोप नाही. म्हणून हे पत्र लिहून ठेवते आणि मतदान झालं की पेटीत टाकते. नियम मोडला असं तुझ्या प्राध्यापकताईंनासुद्धा म्हणता येणार नाही.

तू बरी आहेस ना? आज तुला जवळून पाहिलं. म्हणजे मधे चार बाकं आणि दोन पोलीस होते, तरी पूर्वीपेक्षा जवळून.

सकाळी राष्ट्राध्यक्षांच्या वकिलांनी पहिला वार माझ्यावरच केला, तो तू ऐकलास. "आरोप मांडणाऱ्याची सख्खी बहीण न्यायनिवाडा करायला कशी बसते?" सभापतींनी मलाच विचारलं, नियम काय म्हणतो. मी उभी राहिले आणि सांगितलं की साध्या न्यायालयात मला केव्हाच उठावं लागलं असतं, पण इथे घटनेने कुणालाच उठवलेलं नाही. राष्ट्राध्यक्षांचे मेहुणे तिसऱ्या रांगेत बसलेत, तेही उठणार नाहीत. लोक हसले. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस आणि मला वाटलं, बरं झालं, आज निदान एक वाक्य तरी माझं.

मग तू उभी राहिलीस. चिंगे, तुझं भाषण होत असताना मी सभागृहाकडे पाहत होते. पहिल्या रांगेतला तो म्हातारा मिलमालक, जो मी बोलायला लागले की डोळे मिटून घेतो, तो पुढे वाकून ऐकत होता. तुझ्या हातात कागद नव्हता. मी एवढी वर्षं बोलते, हातात कागद घेऊन, प्रत्येक कलमाचा आकडा बरोबर, आणि माझं बोलणं संपल्यावर लोक घड्याळाकडे बघतात. तू जनरेटरबद्दल बोललीस तेव्हा वरच्या गॅलरीत कुणीतरी हुंदका दिला. मला तुझा अभिमान वाटला असं लिहायला हवं. वाटलाही. पण त्याच्या आधी जे वाटलं ते वेगळं होतं आणि ते लिहिण्यासारखं नाही.

मग ते उंच वकील उठले. आवाज किती मऊ आहे नाही त्यांचा?

"डॉक्टर, आपण सर्व देशाला आपल्या वडिलांची हृदयस्पर्शी गोष्ट सांगितलीत. वडील 'बघू' म्हणाले. त्यानंतर घरात सायकल कधीच आली नाही, असंच ना?"

तू माझ्या बाकाकडे पाहिलंस. तू का पाहिलंस ते त्या भरल्या सभागृहात मला एकटीला कळलं.

"आली," तू म्हणालीस.

"अरे वा. मग चालवली कुणी?"

"मी."

आधी मागच्या रांगा हसल्या, मग सगळेच. वकील हसले नाहीत. "म्हणजे 'बघू' म्हणणाऱ्या वडिलांनी शेवटी सायकल दिली, आणि 'बघू' लिहिणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनी शेवटी मदत दिली. यातलं नाकारलं कुणी? मला आणखी काही विचारायचं नाही."

तू खाली बसलीस आणि समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायलीस. ग्लास रिकामा होता. ते बहुतेक फक्त मी पाहिलं.

आता लिहितेच. मला बरं वाटलं. तुझी फजिती झाली तेव्हा सगळ्यांबरोबर मी पण हसले. रुमाल तोंडावर धरला तो नंतर. "घे," असं माझ्या मनात आलं, "दुसऱ्याची गोष्ट आपली म्हणून सांगतेस ना, घे आता." सायकल मी मागितली होती. "बघू" मला म्हणाले होते. दुकानाबाहेर त्या पायरीवर उभी राहून मी मागितली, तू तेव्हा बाबांच्या मांडीवर बसून चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांचा मनोरा करत होतीस. महिनेच्या महिने मी रोज संध्याकाळी त्यांच्या हातांकडे बघायची. मग विचारणं सोडलं. मग मी पुढच्या शिक्षणाला हॉस्टेलवर गेले, आणि पहिल्या सुट्टीत घरी आले तर फाटकात तू, आणि तुझ्या बुडाखाली निळी सायकल. तू घंटी वाजवून म्हणालीस, "ताई, बाजूला हो!"

मी अजून बाजूलाच आहे.

हसू नकोस. डोक्यावर पांढरे केस आलेली, घटनेची कलमं शिकवणारी बाई एका सायकलीसाठी जळते, हे मलाही हसण्यासारखं वाटतं. पण तुला पहिल्याच खेपेला निवडून दिलं तेव्हा, आई तुझ्यासाठी दार उघडायला धावते तेव्हा, तू दुसऱ्या कुणाला ताई म्हणतेस तेव्हा, दर वेळी मला ती घंटी ऐकू येते. माझ्या अंगाचा तिळपापड होतो आणि मी तोंडाने म्हणते, "वा, छान."

आता मुख्य. परवा मतदान आहे. त्यांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत पटण्यासारखं आहे. आरोपात "नाकारली" आहे, आणि शेवटी मदत तर दिली गेली. मी उभी राहून एवढंच म्हटलं की आरोपाचे शब्द सिद्ध झाले नाहीत, तर माझ्या मागे आणखी काही जण येतील आणि तुझा महाभियोग तिथेच आडवा होईल. कुणी मला नावं ठेवणार नाही. उलट म्हणतील, बघा, बहिणीच्या विरुद्ध गेली पण घटना सोडली नाही. माझ्या डोक्यात कायदा आणि मत्सर एकाच बाकावर बसलेत आणि दोघांचे कपडे सारखे आहेत. कोणता कोण, मला ओळखता येत नाही. आजारी पडून घरी बसावं म्हटलं, तर ती सोय नाही. मीच तुला लिहिलं होतं, घरी बसणारा राष्ट्राध्यक्षांच्याच बाजूचा.

बुधवार

काल इथवर लिहिलं आणि आई चहा घेऊन आली. (माझ्यासाठी. तुझ्यासाठी ती बशी पण आणते.) तिने माझं तोंड पाहिलं.

"काय झालं? हरली का धाकटी?"

"हरली नाही. तोंडघशी पडली. सायकल मी मागितली होती, आणि सांगते आम्ही मागितली म्हणून."

"तूच मागितली होतीस की," आई म्हणाली. "तुझ्याचसाठी तर आणली होती त्यांनी."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "आई, ती हिला आणली होती. ही चालवत होती."

"ओरडू नकोस, ऐकू येतंय मला. अगं, ती एवढीशी होती. तिच्यासाठी कुणी एवढी उंच सायकल घेईल का? तुझ्या मापाची होती ती. तुझा जुना स्कर्ट दुकानात नेऊन त्यांनी सीटची उंची लावून घेतली. तिचे पाय पोचायचे नाहीत म्हणून तर ती सारखी आपटायची. तिच्या गुडघ्यावर अजून खूण आहे."

"मग मला का नाही दिली?"

"तू होतीस कुठे? पैसे जमायला त्यांना वेळ लागला आणि तू हॉस्टेलला गेलीस. म्हणाले, सुट्टीत आली की देऊ. धाकटी काही राहतेय होय, बसली चढून. आणि तू आलीस ती फाटकातच म्हणालीस, 'मला नकोच होती.' त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं त्यांना, सांगा तिला, तिचीच आहे म्हणून."

"मग?"

"म्हणाले, बघू."

चिंगे, मी चहा तसाच ठेवला. आई म्हणाली गार होतोय, मी म्हटलं होऊ दे. ती नाराज होऊन गेली.

तुझ्या गुडघ्यावरची खूण मला माहीत आहे. डाव्या. ती भरत आली तेव्हा खाजवू नकोस म्हणून मी तुझे हात धरून बसायची. ती माझ्या मापाची आहे हे मला माहीत नव्हतं.

हे पत्र इथेच थांबवते. उद्याचं उद्या.

ताई


शुक्रवार, ३ तारीख

चिंगे,

दोन्ही पत्रं एकदम मिळतील. आधी मंगळवारचं वाच, मग हे. नाहीतर तुला सवय आहे शेवटचं पान आधी वाचायची.

त्या दिवशी माझ्या निवेदनाच्या वेळी तू दाराशी उभी होतीस, आत नव्हतीस, म्हणून सगळं ऐकू आलं नसेल. पेपरात आलंय ते अर्धवट आहे, आणि व्यंगचित्रात मला सायकलवर बसवून पदर चाकात अडकवलाय. माझा पदर कधीच कशात अडकत नाही, हे निदान तुला माहीत आहे.

मी कागद घेऊन उठले. तो मिलमालक डोळे मिटायच्या बेतात होता. मी कलम वाचायला तोंड उघडलं आणि तोंडातून दुसरंच आलं. कागद मी बाकावर ठेवला. म्हटलं, "माझ्या बहिणीने तुम्हाला सांगितलेली गोष्ट तिची नाही. माझी आहे. सायकल मी मागितली होती, आणि 'बघू' हा शब्द माझ्या वाट्याला आला होता." सभागृहात कुजबुज झाली. सभापतींनी चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, विषयाला धरून बोला. म्हणाले नाहीत.

मी सांगितलं की वकीलसाहेब म्हणतात ते खरं आहे, सायकल आली. माझ्या वडिलांच्या मनात 'नाही' नव्हतंच, हे मला या आठवड्यात कळलं. ते भले होते, त्यांचा नाइलाज होता, आणि तरीसुद्धा ती सायकल मला मिळाली नाही, कारण ती आली तेव्हा मी तिथे नव्हते. मग मी म्हटलं, मनात काय होतं ते देणाऱ्याला ठाऊक. ज्याने मागितलं त्याला फक्त वेळेवर मिळालं की नाही एवढंच कळतं. आणि मला या सभागृहात हे सांगायला लाज वाटते की त्या एका 'बघू'साठी मी माझ्या धाकट्या बहिणीवर आजवर जळत आले. कालपर्यंत जळत होते. माझ्या सायकलीला निदान दुसरं कुणीतरी मिळालं. उशिरा पोचलेल्या त्या मदतीला अतिदक्षता विभागात कुणीच मिळालं नाही.

शेवटी म्हटलं, कायद्याने राष्ट्राध्यक्षांना दोनच शब्द दिले होते, मंजूर आणि नामंजूर. त्यांनी तिसरा काढला, आणि दावा मागे घेतला जाईपर्यंत त्याच्या आड बसून राहिले. मी याला नाकारणंच म्हणते. मग बसले.

तुला टाळ्या मिळाल्या होत्या. मला एकही नाही. पण मिलमालकाचे डोळे उघडे होते, मी मुद्दाम पाहिलं.

बाकी तुला माहीत आहेच. नावं पुकारली गेली, माझ्या मागून असे तिघे आपल्या बाजूला आले की ज्यांची कुणालाच आशा नव्हती. मेहुणेसाहेब काही आले नाहीत. आणि एक मत कमी पडलं. सचिवांनी गुरांच्या डॉक्टरांचं नाव पुकारलं नाही, पुढच्या नावावर गेले, आणि मी शेजारच्या त्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला. ते असते तर त्यांनी छत दणाणून टाकलं असतं. त्यांच्या खुर्चीने राष्ट्राध्यक्षांना वाचवलं. ते पदावर राहिले, आता या आरोपावर पुन्हा खटला नाही, आणि पदावर आहेत तोवर न्यायालयही नाही. संध्याकाळी त्यांनी टीव्हीवर देशाचे आभार मानले. आईने टीव्ही बंद केला. पहिल्यांदाच स्वतःहून बंद केला.

तू पायऱ्यांवर पत्रकारांच्या घोळक्यात होतीस. मला पाहिलंस आणि घोळक्यातून बाहेर आलीस. मला वाटलं, सायकलीवरून काहीतरी बोलशील, सॉरी म्हणशील, आणि मी तुला चार शब्द सुनावीन. तू सरळ पायजमा वर केलास आणि डावा गुडघा दाखवलास. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर! अगं, लोकप्रतिनिधी आहेस तू. आईने तुला कधी सांगितलं, ते मी तिला विचारणारच आहे. माझ्या आधी सांगितलं असेल तर बघून घेईन दोघींना.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो फोटो आला. त्यात तू पूर्ण आहेस आणि मी अर्धी. इस्त्रीवालीने कापून भिंतीला लावलाय. मी म्हटलं, अर्धी का होईना, मी आहे त्यात. ती म्हणाली, "हो हो, सायकलवाल्या ना तुम्ही!"

काल आईकडे तू निरोप ठेवलास. "ताईला विचार, पुढचा मसुदा लिहायला येईल का? वेळ लागेल, लोक तिलाही शिव्या देतील, आणि कदाचित परत हरू." आणि प्राध्यापकबाईंनीच सुचवलं की तिलाच बोलाव, असंही तू आईला सांगितलंस. त्या बऱ्या असाव्यात. तरी ताई मी एकटीच.

नवीन अधिवेशनात नव्या कृत्यावर नवा आरोप आणता येतो. ते कृत्य मी शोधून ठेवलं आहे. गुरांच्या डॉक्टरांच्या जागेवर पोटनिवडणूक का झाली नाही, असं मी आज सकाळी निवडणूक कार्यालयात जाऊन विचारलं. अधिसूचनेची फाईल त्यांनी केव्हाच राष्ट्राध्यक्षांकडे पाठवली होती. ती परत आली आहे, सही न होता, एक शब्द लिहून. कोणता, ते तुला सांगायला नको. आपल्याला एक खुर्ची कमी पडली आणि ती रिकामी ठेवणारा त्याच खुर्चीमुळे वाचला. या वेळी शब्द मी निवडणार आहे, आणि मसुद्यावर आधी माझं नाव असेल, मग तुझं. यावर वाद घालू नकोस.

तू विचारलंस, येईन का. उत्तर देण्यासाठी पेन उचललं आणि बाबांचा तो शब्द हाताच्या अगदी टोकाशी आला. लिहिला नाही.

येते. सोमवारी, सकाळच्या गाडीने. स्टेशनवर तूच ये, त्या फोनवालीला पाठवू नकोस.

वाट बघ. मी उशीर करणार नाही.

तुझी एकुलती,
ताई